मापं चुकत होती आणि मला माहीत होतं

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, तीच. साठ इंच लांब, एके काळी पिवळीधमक, आता घामानं आणि चहाच्या डागांनी मळकटलेली. माझ्या एका टोकाची पितळी पट्टी केव्हाच निघून पडली. हल्ली मी शिलाई मशीनच्या खणात, सुट्या बटणांच्या डब्याशेजारी पडून असते. काम नसलं की नको ते आठवत राहतं.

कारखान्यात कापडाच्या पट्टीवर लेप चढवला, आकडे छापले, की झाला आमचा जन्म. मला विकत घेतलं दोन भावांनी. धाकट्याचं नुकतंच लग्न झालं होतं, थोरला एकटाच होता. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांनी कोट शिवायचं दुकान थाटलं. जागा एवढीशी, की उंच गिऱ्हाइकाला वाकूनच आत यावं लागे.

मापं घ्यावीत तर थोरल्यानंच. माणसं माझ्यासमोर बिनदिक्कत खोटं वागतात. श्वास रोखतात, पोट आत ओढतात. मग थोरला म्हणायचा, "साहेब, श्वास सोडा. कोट रोज घालायचाय, फोटोपुरता नाही." एका कोटाची अकरा मापं तो मनातच ठेवायचा आणि गिऱ्हाईक गेल्यावर एका दमात सांगायचा. धाकटा ती वहीत उतरवायचा. लांबलांबून लोक यायचे. तेव्हा मी काय तोऱ्यात मिरवायचे, म्हणून सांगू!

सव्विसाव्या वर्षी थोरल्याची मापं गळायला लागली. आधी अकरातली दोन, मग चार. एकच बाही तो तीन-तीनदा मोजायचा. धाकटा वैतागायचा. "लक्ष कुठे असतं तुझं? नुसता कामचुकारपणा!" मित्रांनो, तो कामचुकार नव्हता. माझ्यावरची त्याची बोटं घामेजलेली असायची. आकडा धरून ठेवण्यासाठी तो जिवाचा आटापिटा करत होता. वर्षभरानं त्याला कपडे बदलायच्या पडद्यामागून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. पडद्यामागे कोणी नसायचं. एका दुपारी धाकटा त्याला दूरच्या मनोरुग्णालयात ठेवून आला. गिऱ्हाइकांना सांगितलं, "दादा परदेशी गेला. मोठ्या दुकानात लागलाय." लोकांनी तोंड भरून कौतुक केलं.

पुढच्या वर्षी धाकट्याला मुलगी झाली. तिला सगळे छोटी म्हणत. शाळा सुटली की ती दप्तरासकट दुकानात यायची आणि मला गळ्यात घालून खुर्च्यांची, मांजरांची, आल्यागेल्याची मापं घ्यायची. पंधराव्या वर्षी तिनं एका वकिलांची अकराच्या अकरा मापं न लिहिता घडाघडा सांगितली. वडील खूश झाले. पण हसता हसता त्यांचा चेहरा एकदम उतरला. का ते छोटीला कळलं नाही. आपल्याला एक काका होते, हेच तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

विशीत छोटीची मापं चुकायला लागली. खांदा सतराचा असला तर वहीत चौदा. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि मला हातात धरून तशीच उभी राहायची. वडिलांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी काय केलं असेल? "जरा पुन्हा उभे राहा हं, कॉलर बघतो," असं म्हणून ते गिऱ्हाईक स्वतः मोजायचे आणि वहीतला आकडा हळूच बदलायचे. शिवाय शिवणीच्या आत दुप्पट कापड दुमडून ठेवायचे, म्हणजे कोट घट्ट झालाच तर उसवून सैल करता येईल. एकही कोट परत आला नाही. छोटीला वाटायचं, आपलं ठीक चाललंय.

छोटीची आई मात्र गप्प बसेना. "अहो, भाऊजींचं असंच सुरू झालं होतं."

"तोंडातून काढू नकोस! तिचं लग्न व्हायचंय. कानोकानी झालं तर दारात कोणी उभं राहणार नाही."

तरी आईच्या हट्टापायी तिघं एका डॉक्टरबाईंकडे गेली. मी वडिलांच्या खिशात होते. बाईंनी नीट विचारलं, "तुमच्या कुटुंबात कोणाला मानसिक आजार होता का?"

"छे हो! आमच्याकडे सगळे ठणठणीत," वडील म्हणाले. आई पायांकडे बघत राहिली. बाईंनी तसं लिहून घेतलं. झोप कमी, कामाचा ताण, असं म्हणून औषध दिलं, महिन्यानं परत यायला सांगितलं. वडील पुन्हा गेलेच नाहीत. त्यात दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी छोटी माझ्यानं एका मास्तरांची पाठ मोजत होती आणि अचानक तिनं हात खाली घेतले. "बाबा, त्या माणसाला गप्प करा ना. पडद्यामागून मला चुकीचे आकडे सांगतोय." वडील दोन पावलं पडद्याकडे गेले, मध्येच वळले आणि मास्तरांना उद्या यायला सांगून त्यांनी दुकान बंद केलं.

त्याच डॉक्टरबाईंसमोर त्यांनी या वेळी सगळं सांगितलं. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. "हा कुठल्या एका जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, वर बाकीच्या गोष्टींची भर पडते. घराण्यातून येतो तो धोका. आजार होतोच असं नाही. तुमच्या भावाला होता म्हणून हिला होणारच होता, असं मुळीच नाही. पण भावाचं मला कळलं असतं, तर ती आकडे विसरत होती तेव्हाच मी तिच्यावर लक्ष ठेवलं असतं. तिचं मापं विसरणंही या आजाराचाच भाग होतं."

"आता बरी होईल ना?"

"आवाज बहुतेक औषधानं थांबतील. स्मरण आणि एकाग्रता किती परत येईल, ते आज नाही सांगता येत."

आवाज थांबले. अकरा मापं परत आली नाहीत. आता छोटी एक माप घेते, लगेच लिहिते, मग दुसरं. तिला नवी, ठळक आकड्यांची टेप आणून दिलीये, म्हणून मी खणात. त्याचा मला राग नाही. मला राग येतो तो मी सगळं बोटांतून ओळखलं आणि काहीच करू शकले नाही याचा.

परवा बटण शोधायला तिनं खण उघडला आणि उघडाच ठेवून विचारलं, "बाबा, मला काका आहेत. मग आपण त्यांना भेटायला का जात नाही?"

वडिलांनी हातातला कोट खाली ठेवला. "तो गेला, छोटे. आठ वर्षं झाली. तिथून निरोप आला होता."

"तुम्ही गेला होतात?"

वडिलांनी मान हलवली. नाही. ते गेले नव्हते, मित्रांनो. त्या दिवशी दुकान उघडं होतं आणि मी त्यांच्या गळ्यात होते. आम्ही सहा गिऱ्हाइकांची मापं घेतली.

छोटी रडली नाही. तिनं वही ओढली, पेन वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "माझ्या लक्षात नाही राहत. काकांचं सगळं लिहून द्या. कधीपासून विसरायला लागले, काय ऐकू यायचं, सगळं. पुढे घरात कोणाला लागलं तर?"

वडील लिहायला बसले. दुपारचं गिऱ्हाईक येऊन परत गेलं, तरी ते लिहीतच होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा कोणी असेल, ज्याचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. त्याच्याबद्दल विचारा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. मला सांगता आलं असतं, तर मी पहिल्याच चुकीला सांगितलं असतं.