ओपलने निवडलेली जुनी पंपाची बंदूक

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात एकटी राहणारी ओपल स्टिडम एम्मेट टॅकेटच्या बंदुकांच्या दुकानात शिरली, ती तोंड वाकडं करूनच. सोबत मुलगा रँडल. शेजारच्या घरात भरदिवसा चोर घुसले आणि शेरीफच्या पोलिसांची गाडी पोचेस्तोवर आरामात पसार झाले, तेव्हापासून रँडलनं धोशाच लावला होता : "एक तर बंदूक नीट चालवून दाखव, नाहीतर घर विकून आमच्याकडे लेक्सिंग्टनला चल." ओपल आणि लेक्सिंग्टनला? छे! कोंबड्या, टोमॅटोचे वाफे, मागच्या टेकडीवर पुरलेला नवरा, हे सगळं काय वाऱ्यावर सोडायचं?

रँडलनं नवी, आखूड, काळीकुट्ट बंदूक उचलली. "ही घे. चोर बघूनच पळेल."

"मीच पळेन," ओपल म्हणाली. तरी तिनं काडतूस चढवायची पुढची मूठ मागे ओढून पाहिली. दुखऱ्या मनगटातून सणकन कळ गेली आणि मूठ अर्ध्यातच अडली. 'बघ, मी म्हणत होतो ना' असं रँडलच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

एम्मेट तिच्या नवऱ्याचा शिकारीतला जुना सोबती. "थांबा वहिनी," म्हणत त्यानं आतून एक जुनी, तशीच मूठ मागेपुढे ओढायची, पंपाची बंदूक आणली. "एका म्हाताऱ्याच्या घरून आलीय आत्ताच. पुसायचीच आहे अजून."

काय बंदूक होती हो! अक्रोडाचा दस्ता हात लागून लागून तुकतुकीत झालेला, पोलादाचा निळा रंग कडांना उडालेला. एकेक भाग कानशीनं घासून बसवायचे तेव्हाचे कारागीर. हल्ली आहे का कुणाला तेवढी सवड?

ओपलनं हात पुढे केला, तोवर रँडलनंच ती उचलली. मूठ ओढली, आत डोकावून बंद केली. एम्मेटच्या डोक्यामागेच भिंतीला हरणाचं मुंडकं होतं, त्यावर नेम धरून चाप दाबला. खट्! "रिकामी आहे. धर."

"उघडी दे," ओपल म्हणाली.

"अगं आई, आत्ताच बघितली की!"

"तू बघितलीस. मी नाही. बंद बंदूक मी तुझ्या बापाच्या हातूनही घेतली नाही कधी."

डोळे फिरवत रँडलनं बंदूक उघडून दिली. ओपलनं नळीचं तोंड जमिनीकडे केलं आणि खालच्या फटीतून, काडतुसं साठवायच्या दुसऱ्या नळीत करंगळी घातली. ती रिकामी असेल, तर दाबलं की आतली स्प्रिंग बोट उलट ढकलते. इथे ढकललं नाही काही. गार, गोल पितळ लागलं. तिनं काडतूस अडवणारी आतली पट्टी दाबून बंदूक हलवली, तसं एक लाल कागदी काडतूस टप्पकन काउंटरवर पडलं.

एम्मेटनं काडतूस बोटानं उलटवून पाहिलं. "देवा रे! मी बघायला हवं होतं."

"स्प्रिंग गंजून अडकली होती," ओपल म्हणाली. "सुटली असती, तर तू मूठ ओढताच काडतूस वर चढलं असतं आणि मघाच्या तुझ्या त्या खट्ला एम्मेट गेला असता, रँडल."

ओपलनं पुन्हा काडतुसांची नळी चाचपली, मग मूठ ओढली. सर्रकन मागे, खाडकन पुढे. मनगटाला कळलंसुद्धा नाही! दस्ता खांद्यात असा बसला, की तिला हसूच फुटलं. "हीच घेणार मी. एम्मेट, स्प्रिंग बदलून ठेव."

"आई," रँडल कसाबसा म्हणाला, "तू राहा बाई तुझ्या घरी. मी नाही बोलणार आता." तो काडतुसाकडेच बघत होता. "पण आमच्या कपाटात सासऱ्यांची बंदूक आहे ना, जुनी... तीपण मी अशीच बघून ठेवलीय. वरवर."

"कपाटाला कुलूप?"

"नाही," रँडल म्हणाला. घरी त्याची चार वर्षांची मुलगी मॅडी होती.

ओपलनं पर्स उचलली. "गाडी काढ."

"कुठे?"

"लेक्सिंग्टनला, मूर्खा!"

रँडल धावतच बाहेर सुटला. फोनवर तो बायकोला ओरडून सांगत होता, "मॅडीला घे आणि अंगणात जाऊन बस. काही विचारू नकोस. आईला घेऊन येतोय मी."