ग्रह फोडणारे गोळे

पुंडलिकनगरच्या गणेश मंडळाच्या देखाव्यासाठी कडूबा मिस्त्रीने प्लायवूडचं अवकाशयान उभं केलं होतं. पण बघायला येणारा प्रत्येकजण यानाच्या नाकावरच्या तोफेपाशीच थांबे. ती कय्युम वेल्डरने बोअरच्या जुन्या पाइपातून घडवली होती. "ही ग्रह फोडंल," असं लोक म्हणत, आणि कडूबाच्या पोटात दुखे.

आता तोफेचे गोळे तेवढे रंगवायचे राहिले होते. कय्युमने थर्माकोलचे गोळे मांडले आणि ऑइलपेंटचा डबा उघडला. हा रंग थर्माकोल खाऊन टाकतो, हे कडूबाला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर लोखंड रंगवणाऱ्या कय्युमला ते कुठून माहीत असणार?

"कडूबाभाऊ, हाच रंग चालंल ना?"

"न चालायला काय झालं?" कडूबा म्हणाला आणि उगाच रंधा पुसत बसला.

चहा पिऊन दोघे परतले, तर गोळ्यांना खड्डेच खड्डे पडले होते. कय्युमने डोक्याला हात लावला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब आले आणि वाकून बघतच राहिले.

"काय काम केलंय, कय्युमभाई. ताऱ्याच्या धगीतून भाजून आल्यावानी दिसतेत. लई झकास."

"कडूबाभाऊला विचारूनच रंग दिला," कय्युम प्रामाणिकपणे म्हणाला.

"व्हय? मग कडूबा, तुझं यान असं का नाय? ते तर नवं कपाट दिसतंय. त्यालाबी हाच रंग मार."

कडूबाने निमूटपणे ब्रश उचलला. संध्याकाळपर्यंत त्याने यानाला रंगाचे दोन हात दिले. ते आणखीच गुळगुळीत, आणखीच चकचकीत दिसू लागलं.