सायलेन्सरला तीन हात

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी चालवायला शिकलं. डॉक्टर, भाजीवाली, डॉक्टरची सासूसुद्धा. मी तेवढी राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "तू तापट, भर रस्त्यात भांडशील," म्हणायचे. भांडले असते, खोटं कशाला बोलू?

आता मास्तरांना दिसत नाही. डोळ्यांची नस सुकली, नजर परत यायची नाही, असं डॉक्टरने माझ्यादेखत सांगितलं. मास्तर घरी येऊन म्हणाले, "दुसऱ्याला दाखवू. तोवर गाडी तयार हवी." तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात पाच मिनिटं गाडी चालू करायची, हा नेम. मला तेवढंच शिकवलंय: किल्ली फिरवायची आणि गप्प बसायचं. बंद केली की ते हात पुढे करतात, मी तळहातावर किल्ली ठेवते, ती शर्टाच्या खिशात जाते. दुसऱ्या कुणी गाडी रस्त्यावर नेलेली चालत नाही. "माझी गाडी मीच बाहेर काढणार," हे पालुपद.

परवा गाडीचा आवाज फाटका आला. "सायलेन्सरला गंज चढलाय," मास्तर म्हणाले. "रंगवायला हवा. मी सांगतो, तू कर."

मेकॅनिकने येऊन सायलेन्सर काढला आणि मला फाटकापाशी बोलावलं.

"काकू, हा आतून सडलाय. गाडी चालू झाली की ह्याच्यात पाणी धरतं. लांब पळवली की तापून उडून जातं. तुम्ही पाच मिनिटांत बंद करता. पाणी आतच राहतं."

"म्हणजे आम्हीच सडवला?"

तो हात पुसत राहिला.

"नवीन बसव मग."

"ह्या गाडीचा कुठे मिळतोय आता? आणि गाडीचा तळही गंजून गेलाय, काकू. अधूनमधून रस्त्यावर काढायला हवी होती."

कोण काढणार होतं? एकाला दिसत नाही, दुसरीला येत नाही. मास्तरांचा इतका राग आला की बोलायचीच भीती वाटली.

मी काही सांगितलं नाही. अंगणात रद्दी पसरून बसले. मास्तर पायरीवरून हुकूम सोडत होते. तारेच्या ब्रशने घास, पॉलिश पेपर मार, थिनरने पूस, बोटांचा तेलकटपणा राहू देऊ नकोस. उष्णता सोसणारा काळा रंग, पातळ तीन हात. जाड दिलास तर पोपडे धरतील. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज शिकवतानाचा झाला होता. घासताना खपल्या पडत होत्या, आणि मी "छान निघतंय हो" म्हणत होते.

दुसरा हात वाळल्यावर ते खाली उतरले. "बघू दे." सायलेन्सरवरून हळूहळू बोटं फिरवत गेले. शिवणीपाशी थोडं दाबलं, आणि बोट आत गेलं.

"हे काय?"

मग मी सगळं सांगितलं. मेकॅनिक जसं बोलला तसंच, एक शब्द न गाळता. राग काढायचा होता, तो निघाला, आणि त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं.

"रोज," ते म्हणाले.

"हो."

बराच वेळ त्यांनी बोट बाहेर काढलं नाही. मग म्हणाले, "तिसरा हात राहिलाय ना? दे."

मी दिला. भोकाच्या कडेनेही दिला.

संध्याकाळी मेकॅनिकने सायलेन्सर बसवला. "रंग तापला की पक्का होतो," म्हणत मास्तरांनी किल्ली दिली. मी गाडी चालू केली. आवाज खालूनच फुटला, मागच्या नळीतून धूर आलाच नाही. ते मान खाली घालून ऐकत उभे होते.

मी गाडी बंद केली, उतरले, आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. "अहो, किल्ली."

त्यांनी हात पुढे केला नाही.