बाईसाहेबांचा पाण्याचा वाडगा

मित्रांनो, माझ्या एका काठावर दातांच्या खुणा आहेत आणि बुडाला पोचा. असा मी एक जुना स्टीलचा वाडगा. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले भाऊ जेवणाच्या टेबलावर गेले. माझ्या वाट्याला जमीन आणि कुत्री आली.

कुत्रीचं नाव बाईसाहेब. दहा वर्षं त्यांनी मला दिवसातून दोनदा रिकामं केलं, आणि शेवटचा थेंब चाटून शाबासकीही दिली. गेल्या वर्षी मात्र त्या मला सहा-सहा वेळा संपवू लागल्या. पोट सुटलं, पाठीवरचे केस झडले, घरभर लघवीची तळी साचू लागली.

घरच्या आईंनी वैतागून आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. या मामांचा मला राग होता, आजही आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

"अगं, हे बघ, फोनवर स्पष्ट लिहिलंय," मामा म्हणाले. "कुत्री लाडावलीय. पाणी बंद, तळी बंद!"

"कुणी लिहिलंय, मामा?" लेकीनं विचारलं.

"खाली चार हजार अंगठे आहेत!"

"सही एकाची तरी आहे का?"

"दादा म्हणतोय ना, मग गप्प बस," आई म्हणाल्या.

मला उचलून कपाटावर ठेवलं. वरून मला सगळं दिसत होतं. बाईसाहेब न्हाणीघराची ओली फरशी चाटत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. लेकीनं त्यांना चादरीत गुंडाळलं, मला पिशवीत टाकलं आणि दवाखाना गाठला. मामाही आले, फोनसकट.

डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं. मग विचारलं, "पाणी का तोडलंत?"

"फोनवर असं आहे की..."

"फोनला तहान लागते का हो? अजून एक दिवस गेला असता, तर मला काही करता आलं नसतं. एरवी किती पाणी प्यायची?"

मामा फोनमध्ये शोधू लागले. लेकीनं मला पुढे केलं. "मी हा दिवसातून सहा वेळा भरायचे."

बाईंनी मला मापून पाहिलं. पाऊण लिटर. "ही खरी माहिती," त्या म्हणाल्या. आयुष्यात माझी झालेली ही एवढीच स्तुती.

रक्ताच्या तपासणीत कळलं की मूत्रपिंडाजवळची ग्रंथी नको इतकं संप्रेरक तयार करत होती. तहान हा आजार होता, लाड नव्हे. बाईंनी औषध दिलं आणि एक कागदही. तो कुणी लिहिला, केव्हा लिहिला, शंका आली तर कुणाला विचारायचं, हे सगळं त्याच्या तळाशी होतं.

आता बाईसाहेब मला तीनदा संपवतात. मामा आले की त्यांच्याकडे पाठ करून पितात.

मित्रांनो, तुमचं मुकं जनावर आजारी पडलं, तर आधी त्याच्या वाडग्यात डोकावा, मग डॉक्टरांकडे जा. आणि कुणी पाणी तोडायला सांगितलं, तर आधी त्यालाच दोन दिवस कपाटावर ठेवा. जागा मी पाहिलेली आहे. मामा आरामात मावतील.