डावीकडून तिसरा

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचा छापील कागद हातात पडला, तेव्हा मी ‘इतिहास’समोर लगेच खूण करून टाकली. अडचण खालच्या ओळीची होती. तिथे पालकांची सही हवी होती, आणि इतिहास म्हटलं की आमच्या बाबांच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. म्हणायला स्टुडिओ, प्रत्यक्षात दोन खोल्या. पुढे काउंटर आणि ज्याचा एक पाय कायम डुगडुगायचा असं स्टूल, मागे फोटो धुवायची अंधारखोली. ओळखपत्राचे फोटो ते काढायचे, पण त्यांचा हात खरा बसला होता तो जुने फोटो मोठे करण्यात. कोणीतरी पिवळा पडलेला, दुमडलेला फोटो घेऊन यायचं आणि बाबा त्यातलं एक डोकं उचलून भिंतीवर लावण्याएवढं करून द्यायचे. मोठं करताना डोळे पुसट व्हायचे, ते बारीक ब्रशने भरायचे. अंगात साधा सदरा असला तर हौसेने कोटही चढवायचे, त्याचे जास्त पैसे नाहीत.

शाळेतून आले की फोटोवरचे पांढरे ठिपके शाईने भरायचं काम माझ्याकडे असे. कुणाच्यातरी मिशीत ब्रश घालून बसले की मला वाटायचं, हा माणूस फोटो काढून झाल्यावर कुठे गेला असेल? याला हसायला कोणी मना केलं होतं? इतिहासाची गोडी मला त्या डुगडुगत्या स्टुलावर लागली. पण हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी ब्रश काढून घेतला असता.

“माणसं मेली की आपल्या दुकानात येतात,” ते म्हणायचे. “तू तरी जिवंत माणसांत राहा. औषधांचं शिक. पुढे चार लोक विचारतील तरी.”

आईचं म्हणणं, दोघांनीही आधी जेवून घ्यावं.

शनिवारी बारापर्यंत कागद द्यायचा होता. इतिहासाच्या बाईंना सगळी शाळा पुरावाबाई म्हणायची, कारण पोट दुखतंय म्हटलं तरी त्या “कशावरून?” असं विचारायच्या. इतिहास घेऊ पाहणाऱ्या आम्हा पाचजणांना त्यांनी एक काम दिलं होतं. घरात किंवा आसपास लिहून ठेवलेली एखादी गोष्ट शोधायची आणि ती खरी आहे का, ते तपासायचं. बाकीच्यांनी घराच्या पायरीवर कोरलेली सालं वगैरे घेतली. मी आळशी, म्हटलं दुकानातच काहीतरी सापडेल.

आणि सापडलं, तेच तर झालं. समोरचे केस कापणारे कात्रीकाका बुधवारी एक जुना फोटो घेऊन आले. छापखान्यातल्या कामगारांचा गट, मागे सातजण उभे, पुढे काही बसलेले. काका वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील वारले. आईही लवकर गेली. वडिलांचा असा हा एकच फोटो. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी त्यातून वडिलांचं डोकं मोठं करून दिलं होतं, कोटासकट. काकांच्या दुकानात आरशाच्या वर ते लावलेलं होतं आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, तुमचं नाक अगदी वडिलांवर गेलंय. आता काका दुसरं दुकान काढत होते. तिथेही वडील हवे होते.

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नावं होती. वडिलांचं नाव मागच्या रांगेत, डावीकडून तिसरं. बाबांनी पुढच्या बाजूला डावीकडून तिसरा माणूस मोठा केला होता. मी खालच्या रांगेची पुसट नावंही भिंगाखाली वाचली, तर डाव्या टोकाला लिहिलं होतं, ‘कुत्रा’. फोटो सुलटा केला. कुत्रा उजव्या टोकाला बसला होता. डाव्या टोकाला खुर्चीत छापखान्याचे मालक होते.

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं. ज्याने नावं लिहिली, त्याने फोटो खिडकीच्या काचेवर पालथा धरून ज्याच्या-त्याच्या डोक्यामागे नाव लिहिलं होतं. मागचं डावं म्हणजे पुढचं उजवं. काकांचे वडील उजवीकडून तिसरे होते. अकरा वर्षं भिंतीवर भलताच माणूस होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगितलं तर बाबांचं धंद्यातलं नाव जाणार आणि माझी सहीही. नाही सांगितलं तर काकांच्या दुसऱ्या दुकानातही तोच परका माणूस लागणार, आणि त्याचे ठिपके मीच भरणार. शुक्रवारी दुपारी बाबांनी तो फोटो मोठा करायला घेतला, तेव्हा मला राहवलं नाही.

“बाबा, कुत्रा बघा ना जरा.”

त्यांनी बघितला. पाठ वाचली, पुढून मोजलं, पुन्हा पाठ वाचली. मग फोटो खिडकीच्या काचेवर धरला. मला वाटलं, आता शाबासकी नाही तरी निदान ‘हं’ म्हणतील.

“हेच शिकवतात का तुमच्या बाई?” ते म्हणाले. “गाडलेली मढी उकरायला? तो माणूस सुखात होता ना त्या फोटोबरोबर!”

ते अंधारखोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कागद माझ्या दप्तरात तसाच राहिला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी दहा वाजता बाबांनी हाक मारली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. “चल. दप्तर घे.”

कात्रीकाकांच्या खुर्चीत एकजण अर्ध्या फेसात बसला होता. बाबांनी त्याच्यासमोरच फ्रेम उघडली. किडकिडीत माणूस, साधा सदरा, कान बाहेर आलेले. बाबांनी कोट चढवला नव्हता, डोळेही भरले नव्हते.

“हे तुमचे वडील,” बाबा म्हणाले. “वरचे नाहीत. मी उलटं मोजलं. चूक माझी आहे, हिने काढली.”

मी बाबांना कधी कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी वस्तरा खाली ठेवला. नव्या फोटोकडे बघितलं, आरशात बघितलं.

“कान तुमचेच हो,” फेसवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काका स्टुलावर चढले. आम्हाला वाटलं, जुना फोटो काढतायत. त्यांनी नुसती त्याच्यावरची धूळ पुसली. “रोज सकाळी याच्याशी बोललोय मी,” ते म्हणाले. “पोरीचं लग्न ठरलं तेही आधी याला सांगितलं. ऐकून घेतलंन बिचाऱ्याने सगळं.” मग वळून बाबांना विचारलं, “मग हा कोण?”

मी मूळ फोटो उलटला. त्या माणसाच्या डोक्यामागे गोंदाचा डाग होता, नेमकं तेवढंच नाव उडालेलं.

“याचंही कोणी असेल की,” काका म्हणाले. “ते शोधत असतील. नाही का?”

बाबांनी माझ्यापुढे हात केला. “कागद दे.” काउंटरवरचे कंगवे बाजूला सारून त्यांनी सही केली. “ही शोधेल,” ते काकांना म्हणाले. “इतिहास घेतलाय हिने.”

पुढे मी तोच विषय शिकले आणि तीस वर्षं शिकवला. छापखाना बंद झाला होता, त्याची दप्तरं रद्दीत गेली होती. मी जुन्या कामगारांची घरं हुडकली, दोन म्हाताऱ्यांना फोटो दाखवला. एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं. काकांच्या दुकानात दोन्ही फोटो शेजारी-शेजारी होते. काका गेल्यावर त्यांच्या मुलीने दोन्ही नेले.

मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेले तेव्हा बाबा दर रविवारी फोन करायचे. तब्येत, हवा, आईच्या तक्रारी, सगळं झालं की शेवटी विचारायचे, “सापडला का गं तो?”

“नाही बाबा.”

“बरं. मग अजून शिकायचं राहिलंय तुझं,” म्हणायचे, आणि समाधानाने फोन ठेवायचे.