पडद्यातल्या आजी

आजींचं चित्र ज्या चादरीत गुंडाळून पाठवलं होतं, त्याच चादरीत परत आलं. घेऊन आली त्यांची लेक, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर. पेशंट बसतात त्या खोलीत तिला आईचं चित्र लावायचं होतं. आमच्या सोफ्यावर ते टेकवून ती म्हणाली, "रंग सुरेख आहेत हो. पण यात आई कुठेय?"

मी वाकून पाहिलं. हिरवा पडदा होता, खुर्ची होती, डोळे तर अगदी आजींचेच होते. बाकीच्या आजी मात्र पडद्यात विरघळल्या होत्या.

"पुन्हा काढतो," माझा नवरा म्हणाला.

कुणी सांगून काढून घेतलेलं हे त्याचं पहिलंच चित्र. हे जमलं नाही तर एक तारखेपासून कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर: पुन्हा गणवेश, पुन्हा शिट्टी. असं ठरलं होतं, म्हणजे माझ्या नणंदेने ठरवलं होतं; कारखाना तिच्याच घरचा. संध्याकाळी तिचा फोन आलाच.

"काय गं, आमचे चित्रकार काय म्हणतात?"

"परत काढायला घेतलंय, ताई."

"बघ! एकोणीस वर्षं सैन्यात तरी काय केलं त्याने? रंगच फासले ना? मग येऊन आमचं गेट रंगव म्हणावं."

टोमणा झोंबला, कारण निम्मा खरा होता. सैन्यात तो लपवण्याचं काम करायचा. गाड्यांवर, तंबूंवर, माणसांच्या तोंडांवर असे पट्टे ओढायचे की कशाचीच कड शिल्लक राहू नये. मग एकाने लांब जाऊन बघायचं. काही दिसलं की तो हात वर करी, आणि इकडे सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ठमी गप्प झाली. दीड वर्षाचं मूल रडत असलं की मी निम्मी निर्धास्त असते. गप्प झालं की माझा जीव टांगणीला. टर्पेंटाइनची बाटली वरच्या फळीवर होती. खिडकी बंद होती. मी दारातूनच खोलीवर नजर फिरवली आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासांमागून तिला ओढून काढलं. तोंडात खोडरबर.

"मी इथेच बसलोय, मला दिसली नाही," नवरा म्हणाला. "तुला कशी दिसली?"

"टाच. काळोखात पांढरी टाच."

"ती झाकली असती तर—"

"आजींचं तू तेच केलंस. जिथे जिथे त्या दिसत होत्या, तिथे तिथे झाकलंस."

त्याने ब्रश पुसला. मग म्हणाला, "एकदा एकाच्या हेल्मेटची कड राहिली होती. माझ्याकडून."

लग्नाला चार वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पुढचं विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "आजींवर कुणी नेम धरलेला नाही रे."

आजी दुपारी आल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. "हे बघ बाळा, मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अख्ख्या गावाने माझा आवाज ऐकला, तोंड कुणी पाहिलं नाही. आता तरी दाखव. पोरं घाबरून रडली तर रडू देत. दातांच्या दवाखान्यात तशीही रडतातच."

तो हसला आणि कामाला लागला. मी ठमीला कडेवर घेऊन दारात उभी. गाल झाला, चष्म्याच्या काचेवरची चमक झाली. मग गडद पडद्यावर खांद्याची उजळ रेघ आली, एका फटक्यात. लगेच त्याचा हात फडक्याकडे गेला.

"आहे तसं राहू दे," मी म्हणाले.

फडकं हातात तसंच थांबलं. आजीही श्वास रोखून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, हलायचं नाही असं मी त्यांनाच सांगितलं. शेवटी त्याने फडकं खिशात कोंबलं.

चित्र वाळल्यावर दवाखान्यात लावायला आम्ही सगळेच गेलो. खिळा ठोकून झाला, चित्र टांगलं, डॉक्टर लेक हाताची घडी घालून बघत राहिली. नवरा मला म्हणाला, "जरा रस्त्यापलीकडे जाऊन बघ."

मी ठमीला घेऊन पलीकडच्या फुटपाथवर गेले, वळले. दवाखान्याच्या काचेतून, मधे दोन रिकाम्या खुर्च्या आणि एक पाण्याचा कूलर असूनही, आजी दिसत होत्या. खांदा, चष्मा, हनुवटी, अख्ख्या आजी. मी आनंदाने हात वर केला.

त्याने माझा हात पाहिला आणि तडक वळून चित्र भिंतीवरून उतरवायला घेतलं.

मी ओरडले, पण काचेतून काय ऐकू जाणार! आजींनी मात्र त्याच्या हातावर चापट मारली. त्यांच्या लेकीने फ्रेम सरळ केली आणि हसत डोळे पुसले. मग त्याच्या लक्षात आलं. कपाळाला हात लावून तो तिथेच, आजींच्या चित्राखाली, खुर्चीत बसला. आणि खिशातून फोन काढला.

नणंदेलाच लावला असणार. कारण आधी बराच वेळ तो नुसताच ऐकत होता.