डुकरं पहिल्याच पानावर मरतात

उन्हात माशीला घाई असते.

ग्रंथालयात बोलू नये, खाऊ नये, झोपू नये. झोपायला मात्र सगळे तिथेच येतात.

गुरुवारी कित्यो मित्राच्या मागणीच्या समारंभात डोक्यावर अननसांची टोपली घेऊन उभा होता. मुलीकडच्या अख्ख्या गावाने त्याला पाहिलं.

डुकराला रताळ्याचा पाला आवडतो.

थंड देशातली अळी सावकाश वाढते. तिला कुठे जायचं नसतं.

आता हे सगळं एका दोरीत.

कित्योचा शेजारी शनिवारी केळीच्या बागेत मेलेला सापडला. अंगावर अळ्या. सरकारी डॉक्टरांनी जाडजूड परदेशी पुस्तक उघडलं, अळीची लांबी पाहिली आणि सांगितलं, मृत्यू सोमवारचा. सोमवारी कित्यो आणि शेजारी बांधावरून भांडले होते, तेही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे. कित्यो आत गेला.

त्याची बहीण झावेद्दे आमच्या विद्यापीठात न्यायवैद्यक विज्ञान शिकते. या विभागाला पाटी आहे, प्रमुख आहेत, बोधवाक्य आहे. इमारत येते आहे. आपल्या उन्हात एवढी अळी दोन दिवसांत होते, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे मृत्यू गुरुवारचा. आणि गुरुवारी कित्यो अननसांखाली.

वकील म्हणाला, "ताई, तुझ्या डोक्यातलं कोर्टाला दाखवता येत नाही. छापील आण. आणि इथलं आण."

म्हणून ती ग्रंथालयात गेली.

ग्रंथपाल ब्यामुकामा. एकमेकांना सेबो, न्याबो, म्हणजे साहेब, बाईसाहेब म्हणत रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गायी कशा आहेत, हे सगळं झाल्यावर कामाचं.

"न्यायवैद्यक," झावेद्दे म्हणाली.

संगणक विचारात पडला. काही नाही.

"माशा."

कोबीवरील माशांचा बंदोबस्त.

"कुजणे."

घरच्या घरी कंपोस्ट खत.

"परदेशी नियतकालिकं तरी आहेत का, सेबो?"

"सगळी आहेत, न्याबो. फक्त उघडत नाहीत."

"मग आहेत म्हणजे काय?"

"नावं आहेत." मग जरा दुखावून, "बुधवारी या ना. माहिती कशी शोधावी, याचं प्रशिक्षण आहे. सामोसे पण आहेत."

ती कँटीनमध्ये जाऊन बसली. ताटात पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवड्याच्या बिया. समोर शेतकी शाखेचा लुबेगा वैतागून जेवत होता.

"डुकरांवर एक प्रबंध मिळाला, म्हटलं परीक्षेला होईल. अगं, डुकरं पहिल्याच पानावर मरतात! पुढे शेवटपर्यंत नुसती पडून राहतात आणि लेखक बसलाय त्यांच्यावरच्या अळ्या मोजत. खाद्याचा एक शब्द नाही! हा माणूस पास कसा झाला?"

झावेद्देचा घास हातातच राहिला. "कुठे आहे तो?"

"डुक्करपालन. खालचा कप्पा. जेवण संपवून जा, नंतर जाणार नाही."

ती तशीच पळाली.

आपल्याच विद्यापीठाचा प्रबंध. आपलं ऊन, आपल्याच माशा. वर्गवारी करणाऱ्याने शीर्षकात डुक्कर पाहिलं आणि वाचणं तिथेच थांबवलं. तेव्हापासून भावी डुक्करपालक तो उघडत होते आणि मळमळून मिटत होते.

"हा चुकीच्या जागी आहे," ती ब्यामुकामांना म्हणाली.

"चुकीच्या जागी कसा? सापडला ना?"

प्रबंध बाहेर द्यायचा नियम नव्हता. कोर्टाचा आदेश आला तेव्हा ब्यामुकामा कोट घालून स्वतः तो घेऊन आले. मांडीवर धरून बसले, जसं काही बारशाचं मूल.

सरकारी वकिलाने तो हातात घेतला, पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"मायलेडी, सरकारी डॉक्टरांना खोटं पाडायला आरोपीने डुक्करपालनाचं पुस्तक आणलं आहे."

कोर्ट हसलं. आरोपीच्या पिंजऱ्यात कित्योने मान खाली घातली.

न्यायाधीश नांताले यांनी ग्रंथपालांना उभं केलं. "हे कशाचं पुस्तक आहे?"

झावेद्दे ब्यामुकामांकडे बघत राहिली. एक वाक्य बोलला असता माणूस!

"आमच्या वर्गवारीनुसार डुक्करपालनाचं, मायलेडी."

"वाचलंय तुम्ही?"

"ग्रंथपाल वाचत बसला, तर पुस्तकं लावायची कुणी?"

न्यायाधीश बाईंनी चष्मा लावला. आमच्याकडच्या निम्म्या अधिकाऱ्यांसारखा त्यांच्याही घरामागे डुकरांचा गोठा आहे. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग तोंडावर रुमाल धरून तिसरं.

"मी डुकरं पाळते," त्या म्हणाल्या. "अशी पाळली असती तर घर सोडावं लागलं असतं. डॉक्टर, तुमच्या पुस्तकातल्या माशा कुठल्या?"

डॉक्टरांनी उत्तरेकडच्या एका देशाचं नाव घेतलं.

"या महिन्यात तिथे काय असतं?"

"बर्फ, मायलेडी."

"आणि आमच्या केळीच्या बागेत?"

डॉक्टर रुमालाने कपाळ पुसत होते. बाईंनी तेवढंच उत्तर लिहून घेतलं.

कित्योला जामीन मिळाला. खटला चालू आहे. ग्रंथालयाने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली, समिती बसवली आणि प्रबंध हलवला. आता तो 'डुकरांचे रोग' या कप्प्यात आहे.

प्रबंधाचं काम चालू होतं तेव्हा ती मेलेली डुकरं ग्रंथालयाच्या मागच्या कुंपणाला लागून ठेवली होती, आणि वास येतो अशी तक्रार ग्रंथालयानेच केली होती.